तिखाडीचा वास

ज्या पेशींना मी तेलाचा थेंबही दिला नव्हता, त्याही मेल्या होत्या.

मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. फरक नाही. जिवंत पेशी तळाला घट्ट चिकटून, अंग ताणून पसरलेल्या असतात. मेल्या की गोळा होतात आणि तरंगायला लागतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या. माझ्यासमोर नुसता साबुदाणा होता.

झांबरे सर आले तेव्हा मी तशीच बसले होते. त्यांनी स्टूल ओढलं, एक नजर टाकली आणि म्हणाले, "कंट्रोल मेला की प्रयोग मेला. टाकून दे. पुन्हा लाव."

ते रागावून बोलले नव्हते. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण ही तिसरी प्लेट होती, आणि तिसऱ्यांदा ते हेच म्हणाले होते. जाताना दाराशी थांबून त्यांनी हळूच विचारलं की हात नीट निर्जंतुक करतेस ना, घरी काही अडचण आहे का, लक्ष लागत नाही का. मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलकडच्या भागात, वनस्पतींवर संशोधन करणारी एक छोटी संस्था होती. तिथली ही गोष्ट. मी त्या वेळी पीएचडी करत होते आणि झांबरे सर माझे मार्गदर्शक होते. त्यांचं सगळं आयुष्य तिखाडीच्या गवतात गेलेलं. पावसाळा सरला की डोंगरउतारावर हे गवत तांबूस तुऱ्यांनी भरून येतं, आणि त्यातून वाऱ्यावर असा वास सुटतो की गुलाबाच्या बागेत कुणीतरी आलं किसतंय असं वाटावं. आमच्याकडे भट्टी लावून त्याचं तेल काढतात, सांधे धरले की चोळतात. सरांनी हे तेल कर्करोगाच्या पेशींवर टाकून बघितलं, आणि पेशी मेल्या. त्यावर त्यांचे निबंध छापून आले, देशाबाहेरच्या लोकांनी दखल घेतली. एकदा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानेही मोठी बातमी केली. तेव्हा लांबलांबच्या गावांतून माणसं बाटल्या घेऊन संस्थेच्या फाटकाशी यायला लागली होती. सर स्वतः फाटकावर जाऊन एकेकाला सांगत, हे बशीतलं काम आहे, माणसाचं नाही, दवाखान्यात जा. माणसं हिरमुसून परत जात.

माझं काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी आम्ही बाटलीत वाढवायचो. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ओळीने बारीक खळगे असतात. प्रत्येक खळग्यात थोड्या पेशी सोडायच्या आणि वर पातळ केलेलं तेल घालायचं. पहिल्या रांगेत सगळ्यांत कडक मात्रा, मग एकेक रांग उतरत जाऊन शेवटी अगदी नावापुरती. एका रांगेत तेल अजिबात घालायचं नाही. ती कंट्रोलची रांग. तिथल्या पेशी जगायलाच हव्यात. त्या जगल्या तरच बाकीच्यांचं मरण तेलाच्या नावावर टाकता येतं. सरांच्या पद्धतीत ही रांग प्लेटच्या दुसऱ्या टोकाला असायची, कडक मात्रेपासून लांब. मी एक रांग मोकळी राहत होती म्हणून दुसरा कंट्रोल अलीकडच्या टोकालाही ठेवला होता. कडक तेलाच्या अगदी शेजारी. मनात काही योजना नव्हती. जागा वाया जाऊ नये एवढंच.

लांबचा कंट्रोल दर वेळी जगत होता. शेजारचा दर वेळी मरत होता.

सर म्हणाले होते तसं मी प्लेट टाकून द्यायला निघाले. कचऱ्याच्या पिशवीपर्यंत गेले आणि परत फिरले. हात घाण असते, पाणी दूषित असतं, तर मरण असं रांग बघून आलं नसतं. दोन्हीकडे सारखं आलं असतं.

उत्तर मला सापडलं ते डोक्याने नाही, नाकाने. दुपारी नवीन बाटली ठेवायला इन्क्युबेटरचं दार उघडलं. पेशींना अंगाच्या उबेत ठेवायचं ते कपाट. दार उघडताच तिखाडीचा दर्प तोंडावर आला. रोजच यायचा. प्लेटवर झाकण असूनही यायचा. त्या दिवशी मात्र मी दार धरून उभीच राहिले. वास झाकणातून बाहेर येतो म्हणजे तेलच बाहेर येतं. मग ते शेजारच्या खळग्यात का जाणार नाही?

त्याच दिवशी मी एक प्लेट लावली. सगळ्या खळग्यांत पेशी, तेल कशातच नाही. फक्त मधोमध एका खळग्यात, जिथे पेशीही नव्हत्या, तिथे तेल. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्या खळग्याभोवती मरणाचं गोल कडं पडलं होतं. जवळच्या सगळ्या मेलेल्या, त्यांच्या पलीकडच्या अर्धमेल्या, कोपऱ्यातल्या ठणठणीत.

ते बघून मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. माझे हात स्वच्छ होते. आनंद साधारण चहा पिऊन होईपर्यंत टिकला. कारण चहा पिताना पुढचं लक्षात आलं. वाफ कंट्रोलकडे जात असेल तर ती मधल्या, पातळ मात्रेच्या रांगांतही जात असणार; लांबचा कंट्रोल तेवढा तिच्या टप्प्याबाहेर. सरांचं सगळं नाव झालं होतं ते पातळ मात्रेवर. एवढंसं तेल आणि पेशी मरतात, यावर. तेल जर शेजारून येत असेल, तर एवढंसं कुठलं?

मग मी ठाण मांडून बसले. प्रत्येक मात्रा वेगळ्या बाटलीत, बूच घट्ट, एकीचा वास दुसरीला लागणार नाही अशी. सोबत माणसाच्या कातडीच्या निरोगी पेशीही घेतल्या. सगळं पुन्हा केलं, मग पुन्हा केलं. मार्च संपत आला होता, वीज हवी तेव्हा जायची, इन्क्युबेटर जनरेटरवर घ्यायला मी चौकीदाराच्या मागे धावायची. घरून आबांचा निरोप आला होता की या वर्षी प्रबंध झाला नाही तर परत ये, स्थळ बघतोय. मी उत्तर दिलं नाही. आधी हे बघायचं होतं.

निकाल तोच येत राहिला. पातळ मात्रेत कर्करोगाच्या पेशी मजेत जगतात, वाढतात. कडक मात्रेत मरतात. आणि त्याच मात्रेत निरोगी पेशीही मरतात, जरा लवकरच.

सरांना सांगायला गेले तेव्हा ते पुण्याच्या परिषदेत वाचायचा निबंध तपासत होते. मी सगळं ओळीने सांगितलं. कड्याची प्लेट दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली.

"म्हणजे माझे पातळ मात्रेचे आकडे..." एवढं म्हणून ते थांबले.

"शेजारच्या रांगेतली वाफ, सर."

त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली, फार जपून, जणू ती सांडेल. मग म्हणाले, "हे कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. मी माझ्या हाताने करून बघेपर्यंत."

मी हो म्हटलं खरं, पण त्या 'बोलू नकोस'चा अर्थ मला लागेना. पुढचा आठवडा सर माझ्या बाजूला फिरकले नाहीत. जुन्या इमारतीतल्या त्यांच्या खोलीचं दार बंद असायचं. परिषदेचा निबंध पाठवायची मुदत जवळ आली होती आणि त्या निबंधावर त्यांच्याखाली माझं नाव होतं. मनात एक गोष्ट पक्की होती. तो निबंध आहे तसा जाणार असेल, तर माझं नाव त्यावर राहणार नाही. पीएचडी गेली तरी चालेल. हे मी आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले.

सर घरी नव्हते. दार कुंदाकाकूंनी उघडलं.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. आम्हा विद्यार्थ्यांना त्या रविवारी वरण-बट्टी खायला बोलवायच्या, तीही गोवऱ्यांवर भाजलेली. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण तसं कधी वाटायचं नाही. घर कायम पोरांनी भरलेलं. अलीकडे मात्र ती बोलावणी बंद झाली होती. काकू जरा वाळल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, उन्हाळा सोसत नाही आता.

सर संस्थेतच गेलेत, काहीतरी स्वतः करत बसलेत, कुणाला हात लावू देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मला आत बसवून पन्हं दिलं. घरात तिखाडीचा वास होता. मी म्हटलं, सरांच्या कपड्यांनी घरालाही सोडलं नाही वाटतं. त्या म्हणाल्या, नाही गं, माझे गुडघे धरलेत, तेल चोळते.

मग त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि माझ्या कामाबद्दल विचारायला लागल्या. सर म्हणाले होते, तुझ्या प्लेटा बिघडतायत. खरंच बिघडतात का? त्या बोलत होत्या आणि मला कळेना की वास इतका जवळून का येतोय. तो हातांना नव्हता, पायांना नव्हता. तो त्यांच्या बोलण्यासोबत येत होता.

मी पेला खाली ठेवला.

"काकू, तुम्ही तेल पिता का?"

त्यांनी चटकन पदर तोंडाशी नेला. त्यांनी नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी उठून पुढचं दार लावून घेतलं, मला आतल्या खोलीत नेलं, आणि माझा हात धरून आपल्या डाव्या छातीवर, बगलेच्या बाजूला ठेवला. ब्लाउजच्या कापडातूनही ती लागली. सुपारीएवढी, कडक, जागची न हलणारी.

"दिवाळीपासून आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बत्ताशावर दोन थेंब घेते. कपाटात सरांच्या बाटल्या असतातच."

सरांना माहीत आहे का, हे मी विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही. सांगितलं असतं तर त्यांनी धरून मुंबईला नेलं असतं. काकूंच्या थोरल्या बहिणीला मुंबईलाच नेलं होतं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि शेवटी ती आपल्या आईलाही ओळखेना. वर्षभर तिच्या उशाशी काकूच होत्या. तिथून परत आल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आपल्यावर वेळ आली तर चिरफाड नाही.

"आणि घरात एवढं औषध असताना कशाला," त्या म्हणाल्या. "हे फाटकावर लोकांना परत पाठवायचे ना, तेव्हा मला वाटायचं, यांचा स्वभावच भित्रा. पुरावा पुरावा करत बसतात. रात्री जेवताना मात्र सांगायचे, कुंदा, एवढ्याशा थेंबाने सगळ्या खलास. मी इतकी वर्षं ऐकतेय. त्यांच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू?"

मी ज्यासाठी घरातून तयारी करून आले होते ते सगळं विसरून गेले. एकच गोष्ट उरली होती आणि ती सांगायला तोंड उघडेना. शेवटी मी सांगितलं. माझ्या प्लेटा बिघडलेल्या नाहीत, काकू. एवढ्याशा थेंबाने काही मरत नाही. सरांची चूक नाही, त्यांना तसंच दिसत होतं. पण ते तसं नव्हतं.

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू त्यांना सांगायचं नाहीस. सांगितलंस तर मी उद्याही घेईन. नाही सांगितलंस तर बंद करते."

"बंद करून भागणार नाही."

"तू लहान आहेस. तुला नाही कळायचं."

मी सव्वीस वर्षांची होते, आणि त्यांच्या बहिणीसारखं मरण मी पाहिलेलं नव्हतं. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं. त्यामुळे मी वाद घातला नाही. त्यांना घाबरवलंही नाही. त्या आधीच पुरत्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं की ते जिथे लपलंय तिथेच आणखी आत सरकतं. मी फक्त म्हटलं, "मी सांगत नाही. पण उद्या सकाळी तुम्ही प्रयोगशाळेत या. मला काही बोलायचं नाहीये. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग घ्यायचं असेल तर घ्या."

"मला काय कळणार त्यातलं?"

"जिवंत आणि मेलेलं कळेल."

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. एवढी वर्षं सरांचा संसार केला, पण त्या कधी प्रयोगशाळेच्या आत आल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी त्या आल्या. इस्त्रीची साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या. चपला बाहेर काढून ठेवल्या. मी म्हटलं, राहू द्या, पण त्या अनवाणीच आत आल्या.

मी चार बाटल्या तयार ठेवल्या होत्या. आधी त्यांना मायक्रोस्कोपमध्ये बघायला शिकवलं. एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा, चाक हळू फिरवा. पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम त्या म्हणाल्या, "अगं बाई." त्यांना दिसलं होतं.

पहिल्या बाटलीत कर्करोगाच्या पेशी होत्या, तेलाशिवाय. दाट, एकमेकींवर चढलेल्या. मी सांगितलं, अशा दिसतात जिवंत असताना. दुसऱ्या बाटलीत त्याच पेशी, कडक तेल घातलेल्या. "मेल्या," काकू स्वतःच म्हणाल्या. "या मेल्या ना? हे सांगायचे ते हेच." त्यांच्या आवाजात क्षणभर आशा आली. मी तिसरी बाटली ठेवली. या निरोगी माणसाच्या पेशी, मी म्हटलं, तेच तेल, तेवढंच. त्या बघत राहिल्या. तिथेही साबुदाणाच होता.

"या चांगल्या होत्या?"

"हो."

"मग चांगल्याही मेल्या."

"हो."

चौथ्या बाटलीत कर्करोगाच्या पेशी होत्या आणि सगळ्यांत पातळ तेल. मी त्यांना सांगितलं की दोन थेंब तुमच्या पोटात जाऊन अख्ख्या अंगात पसरल्यावर गाठीपर्यंत जेवढं पोचत असेल, त्याच्यापेक्षा हे किती तरी जास्त आहे. त्यांनी डोळा लावला. या वेळी चाक फिरवायला त्यांना माझी मदत लागली नाही.

पेशी तळाला घट्ट चिकटलेल्या होत्या. दाट, एकमेकींवर चढलेल्या. एक तर आम्ही बघत होतो तेव्हाच मधून आकसून दोन होत होती. मी त्यांना ती दाखवली.

"हे काय करतेय ही?"

"एकीच्या दोन होतायत."

"तेल असून?"

"तेल असून."

काकूंनी डोळा काढला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझ्या आत अशाच असतील?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, काकू. ते डॉक्टरांना बघावं लागेल."

त्याच वेळी दार उघडलं आणि सर आत आले. त्यांचे डोळे लाल होते, अंगातला पांढरा कोट चुरगळलेला. हातात प्लेट होती. बायको तिथे बसलेली बघून त्यांना नवल वाटलं असणार, पण ते इतके भरून आले होते की त्यांना थांबवेना. ते मला म्हणाले, "यामिनी, तुझं बरोबर आहे. मी चार वेळा केलं. तुझंच बरोबर आहे. तो निबंध मी पाठवत नाही." मग काकूंकडे वळून म्हणाले, "कुंदा, या पोरीने माझं दहा वर्षांचं काम पुसून टाकलं बघ." बोलताना ते हसायचा प्रयत्न करत होते.

काकू मायक्रोस्कोपवर वाकलेल्याच होत्या. तशाच, मान वर न करता, त्या म्हणाल्या, "अहो, मला गाठ आहे."

सरांना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी भाषांतर करीन. मी खाली बघितलं. मग त्यांच्या हातातली प्लेट टेबलावर गेली आणि ते स्टुलावर बसले. कधीपासून, त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं. तेल घेत होत्या, हेही सांगितलं. दोन थेंब, बत्ताशावर.

सरांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले, हात नाकाशी नेले आणि खाली घेतले.

"घरात वास यायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझ्याच अंगाचा."

तेव्हा काकू उठल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी बाहेर व्हरांड्यात आले. काकूंच्या चपला दाराशी होत्या. उन्हाने तापतील म्हणून मी त्या सावलीत सरकवल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. सरांनी त्याच दुपारी गाडी काढली. काकू म्हणाल्या यामिनी सोबत हवी, म्हणून मीही गेले. मुंबई नको म्हणाल्या, म्हणून नाशिकला गेलो. तिथल्या सर्जन बाई चाळिशीच्या होत्या, बोलायला रोखठोक. तपासून झाल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, इतके दिवस काय करत होतात. काकूंनी सरांकडे न बघता सांगितलं, मी घाबरले होते. तेलाचं नाव त्यांनी तिथे काढलं नाही. बाई म्हणाल्या, बगलेत थोडं पोचलंय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. दिवाळीला आला असतात तर सोपं होतं. पुढच्या दिवाळीला आला असतात तर मी काहीच करू शकले नसते.

काकू मला नंतर म्हणाल्या की 'पुढच्या दिवाळीला' हे ऐकलं आणि तेव्हाच त्यांनी चिरफाडीला हो म्हटलं. डॉक्टरांना 'हो' सांगताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगडीचा वळ उठला.

ऑपरेशन झालं. मग औषधं. त्या दिवसांत सरांनी घरचं सगळं केलं. भात करपवला, पोळ्यांचे नकाशे केले, आणि काकूंनी ते मुकाट्याने खाल्लं. केस गेले तेव्हा काकू एक दिवस आरशासमोर बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजारातून तीन रंगांचे रुमाल आणायला सांगितले. त्यांच्या बहिणीला झालं तसं त्यांना झालं नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. त्या दोघींचा आजार वेगळा असेल, औषधं बदलली असतील. काकू आज सत्तरीच्या पुढे आहेत.

माझा प्रबंधही झाला, पण विषय बदलून. उडणाऱ्या तेलांची वाफ प्रयोगाला कशी फसवते, हाच विषय झाला. सरांनी आपले जुने निबंध छापणाऱ्या नियतकालिकांना लिहून कळवलं की यातले पातळ मात्रेचे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. संस्थेतल्या काहींनी त्यांना सुचवलं की एवढं करायची गरज नाही, गप्प बसलं तरी कुणाला कळणार नाही, नाहीतर निदान भाषा तरी मवाळ ठेवा. सर ऐकून घेत आणि आपलं तेच करत.

पुण्याची ती परिषद त्या वर्षी चुकली. पुढच्या वर्षी सर बोलायला उभे राहिले. मोठं सभागृह, पुढच्या रांगांत नावाजलेली माणसं. मी मागे बसले होते आणि माझ्या शेजारी कुंदाकाकू होत्या. त्यांनी कधी सरांचं भाषण ऐकलं नव्हतं. डोक्याला निळा रुमाल होता. केस यायला लागले होते, पण त्यांना ते अजून चारचौघांत दाखवायचे नव्हते.

सरांनी पडद्यावर मरणाचं ते गोल कडं दाखवलं. वाफ कशी जाते ते सांगितलं. मग आपल्या जुन्या निबंधांतले आकडे एकेक करून दाखवले आणि प्रत्येकावर काट मारली. माझं नाव घेतलं, हे काम तिचं आहे म्हणाले. सभागृहात चुळबूळ झाली. असं करणारा माणूस त्या लोकांनी फारसा पाहिला नसावा.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. थोडे मिश्कील होते. त्यांनी विचारलं, "झांबरे, मग तुमची दहा वर्षं वायाच गेली म्हणायची की काय?"

काहीजण हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. इतक्या लांबून त्यांना आम्ही दिसलो नसणार, पण ते शेवटच्या रांगेकडे बघत होते.

"गेली असतील," ते म्हणाले. "पण कळायचं ते वेळेत कळलं."

लोकांना वाटलं, ते निबंधाबद्दल बोलतायत. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न मागितला. माझ्या शेजारी काकूंनी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला, मग तो सोडवून मांडीवर घेतला आणि बोटभर वाढलेल्या केसांनिशी तशाच ताठ बसून राहिल्या.